जबड्याचा एक्स-रे

लामाराबाईंची उजवी बाजू गेली, वाचा गेली.
कुताइसीच्या शाळेत चाळीस वर्षं भूमिती शिकवलेला हात
चादरीवर खडूच्या तुकड्यासारखा पडलेला.

डावा चालायचा.
आणि सारखा हनुवटीकडे जायचा.
बोट टेकवायच्या, आमच्याकडे बघायच्या,
पुन्हा तिथंच बोट.

डॉक्टर झुराब म्हणाले, दाढ दुखत असेल.
दाताचे डॉक्टर आले. दाढ कुठली, कवळी आहे.
मग जबड्याचा एक्स-रे,
मग गळ्याच्या गाठी चाचपून झाल्या.
सून म्हणाली, तहान लागली असेल,
आणि चमच्यानं डाळिंबाचा रस भरवायला गेली.
बाईंनी तो उडवला, थेट तिच्या पांढऱ्या स्वेटरवर.
फायलीत नोंद: रुग्ण चिडचिडी.

सगळं तपासलं.
केसाला मात्र कोणी धक्का लावला नाही.

मला शुक्रवारी पहाटे कळलं, पाळी संपता संपता.
खिडकीबाहेर पर्सिमनचं झाड, पानं झडलेली, नुसती फळं,
आणि त्यातून ऊन तिरपं होऊन बाईंच्या तोंडावर आलं.
हनुवटीखाली चार केस.
तीन पांढरे. एक काळा, राठ,
बुटांच्या ब्रशातून निसटल्यासारखा.

हे ऊन माझ्या ओळखीचं आहे.
बाथरूमचा दिवा थोडी भीड ठेवतो,
नवरा चष्मा काढून झोपतो,
सकाळच्या उन्हाला मात्र कुणाचीच भीड नाही.

चौदा वर्षांची होते. आठ मार्च.
वर्गातल्या मुलांनी सगळ्या मुलींना मिमोसाच्या पिवळ्या डहाळ्या दिल्या.
गोचानं मला डहाळीबरोबर एक पुडी दिली,
आत त्याच्या वडिलांचं दाढीचं ब्लेड.
मी हसले. सगळ्यांच्या आधी हसले,
म्हणजे मला लागलं नाही असं दिसावं.
घरी येऊन ओठावर ते फिरवलं.
रक्त आलं. आईला सांगितलं, मांजर.

आता चिमटा चष्म्याच्या डबीत असतो.
एकवीस वर्षं झाली लग्नाला,
त्याला वाटतं मला जवळचं दिसत नाही.

आणि या तिसऱ्या मजल्यावर
मी किती बायका उघड्या पाहिल्या!
बेंबीपासून खाली उतरणारी रेघ,
स्तनाच्या कडेला दोन-तीन, चुकून उगवल्यासारखे,
पायाच्या अंगठ्यावरचा झुबका,
माकडहाडावरची लव.
गुळगुळीत अशी एक नाही. एकही नाही.
तरी प्रत्येकीचं पहिलं वाक्य तेच.
ट्रॅक्टरखाली मांडी चिरलेली ती झेस्ताफोनीची बाई,
मी कात्रीनं पँट कापत होते, रक्त थांबत नव्हतं,
तर म्हणाली, माफ कर गं,
या आठवड्यात पाय करायला जमलंच नाही.

मी पडदा ओढला. डबी उघडली.
चिमटा दिसला आणि लामाराबाईंनी डोळे मिटले,
मान मागे टाकली, हनुवटी वर केली.
पाच दिवसांत पहिल्यांदा
कुणाला तरी गणित सुटलं होतं.

पांढरे सहज निघाले.
काळा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा मुळासकट आला.
मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला.
त्यांनी निरखून पाहिला,
मग फुंकायचा प्रयत्न केला,
ओठाची डावी बाजूच तेवढी फुगली.
केस गेला नाही. मी फुंकला.

रविवारी थेसालोनिकीहून मुलगी येणार होती.
तिथं ती कुणा ग्रीक म्हातारीला सांभाळते,
सहा वर्षांनी येत होती.

मी फायलीत लिहिलं: रात्र शांत, वेदना नाहीत.
पडदा सारून निघाले, तशी बाईंनी माझी बाही धरली.
उन्हाकडे वळवलं मला. बराच वेळ बघितलं,
वही तपासावी तसं.

मग डावा हात उचलून
माझ्या हनुवटीला बोट लावलं,
आणि दोन बोटं वर केली.

दोन.